आराखड्यातली दोन घरं

नगरपालिकेच्या संगणकाने आखलेला, शहराचा वीस वर्षांनंतरचा आराखडा भिंतीवर लागला, तेव्हा हेरंब सप्रे आपलं घर शोधायला गेले. त्यांचं घर सेक्टर तीनमध्ये होतं आणि बायकोचं, माधुरीताईंचं, सेक्टर नऊमध्ये.

"काहीतरी चुकलंय," ते कारकुनाला म्हणाले.

"साहेब, माणसांच्या सवयी बघूनच तो घरं ठरवतो. आजवर चुकलेला नाही."

त्या दिवसापासून सप्रे घरी भांडी घासू लागले, स्वयंपाकही करू लागले.

"अहो, काय लपवताय?" माधुरीताईंनी विचारलं. सप्र्यांनी सगळं सांगून टाकलं. त्या पोट धरून हसल्या आणि त्यांची करपलेली भाजी निमूटपणे जेवल्या.

महिन्याभराने सुधारित आराखडा लागला. दोघांचं घर एकच होतं. स्वयंपाकघरं मात्र दोन होती.