झाडामागची खोली

"झाड पुरावा होत नाही," कारकून म्हणाला. "झाड काय, कोणीही कधीही लावतं."

दशरथने करंजाच्या खोडावर हात ठेवला. "साहेब, चौऱ्याऐंशीच्या पाच जूनला लागलंय. माझ्या खोलीच्या दारातच. खड्डा मी खणलाय ना!"

"मग कागद दाखव. खोली पंच्याऐंशीच्या आधीची असेल तर राहील. नाहीतर उद्या सकाळी तुटेल."

कागदाचीच तर बोंब होती. रेशनकार्ड मिळालं पंच्याऐंशीच्या मार्चमध्ये, तेवढ्या दोन महिन्यांच्या उशिराने वाट लावली. दशरथ ब्याऐंशीपासून घाटकोपरच्या या टेकडीवर राहतो हे सगळ्या शेजाऱ्यांना ठाऊक होतं. पण शेजाऱ्यांचं तोंडी बोलणं चालत नव्हतं.

"फोटो चालेल काय?" त्याची बायको कुंदा दारातून म्हणाली. "झाड लावताना पेपरवाले आले होते."

कारकून थांबला. माणूस वाईट नव्हता. "छापलेला, तारखेचा असेल तर चालेल. पाच वाजता मी निघतो."

दशरथ धावतच टेकडी उतरला.

खाली सोसायटीत अनुपमाताई राहायच्या. झाड लावलं तो पर्यावरण दिनाचा कार्यक्रम त्यांच्याच महिला मंडळाचा. दर जूनमध्ये त्या वर यायच्या, पाणी वाचवा म्हणून सांगायच्या आणि झाडाला रोज दोन बादल्या घाला असंही बजावायच्या. नळाला पाणी जेमतेम अर्धा तास. मुलांच्या आंघोळी बुडवून दशरथने ते झाड जगवलं होतं आणि रोज त्याला शिव्याही घातल्या होत्या. मोठ्या पाहुण्याच्या हातचं झाड दारात असलं की खोलीला कोणी हात लावणार नाही, अशी त्याची पक्की समजूत होती.

"अरे दशरथ! झाड कसंय आपलं?"

"झकास आहे, ताई. त्या वेळचा पेपर आहे का तुमच्याकडे? घर जातंय माझं."

अनुपमाताईंनी पुढे काही विचारलं नाही. त्या कागदाचा कपटाही टाकायच्या नाहीत. त्यांनी कपाट उपसलं, माळा उपसला, फळ्यांवर अंथरलेले पेपर ओढून काढले. धुळीने दोघेही खोकत होते. साडेचार वाजले, पावणेपाच वाजले. दशरथला रडू फुटायचंच बाकी होतं.

"सापडला! सहा जून, चौऱ्याऐंशी. फोटो आतल्या पानावर आहे बघ."

बघायला वेळ कुठला? पेपर छातीशी धरून तो सुटला. चढावर दोनदा पाय घसरला, गुडघा फुटला. कारकून वह्या आवरत होता.

"आणला, साहेब!"

कुंदाने हात जोडले. कारकुनाने पेपर उलगडला. फोटो चांगला ठळक होता. हारातले पाहुणे, शेजारी अनुपमाताई, मध्ये वीतभर रोप. खाली छापलं होतं, 'घाटकोपरच्या निर्जन टेकडीवर पहिले झाड'.

"तारीख बरोबर आहे," कारकून म्हणाला. "पण रोपाच्या मागे नुसतं लांबलचक कापड आहे. खोली कुठाय?"

दशरथने फोटोतल्या कापडावर बोट ठेवलं.

"कापडामागे आहे, साहेब. पाहुण्यांना झोपड्या दिसू नयेत म्हणून ते मीच बांधलं होतं."