अकरा टोकांचं शिंग

"दोन्ही सारख्याच," लुसियन म्हणाला आणि दुर्बीण डोळ्यापासून काढली. "मग नुसत्या नावाचे पैसे कशाला मोजू?"

काउंटरवर बंदुकीला लावायच्या दोन दुर्बिणी होत्या. एक दुकानाच्या स्वतःच्या छापाची, नव्वद डॉलरची. दुसरी जुन्या नावाजलेल्या कंपनीची, पाचपट किमतीची. मूस या घोड्याएवढ्या हरणाची शिकार करणाऱ्या सेंट जॉन नदीच्या दरीत निम्म्या घरांतल्या बंदुकांवर तीच असायची आणि बापाकडून मुलाकडे जायची.

"दुकानाच्या दिव्यांत सगळ्याच चांगल्या दिसतात, काका," रेजी म्हणाला. बंदुकांचा विभाग तो पंधरा वर्षं सांभाळत होता. "मूस काय दुकानात येणार आहे? दिवस बुडताना झाडीच्या कडेला येतो तो. तुम्ही मादीच्या आवाजात हाक घातलीत की येणार, हे सगळ्या दरीला ठाऊक आहे. पण आलेला दिसायला नको?"

"एकवीस वर्षं सोडतीत नाव घातलं याने," लुसियनची बायको एडवीज रेजीला म्हणाली. "आता कुठे परवाना लागला, तर हा काचेवर काटकसर करतोय. लग्नाच्या अंगठीलाही असंच केलं होतं."

"ती अंगठी अजून आहे ना बोटात?"

"निघत नाही म्हणून आहे."

परवाना लुसियनच्या शर्टाच्या खिशात होता. एक नर मूस, सोमवारपासून सहा दिवस. परवान्यावर सोबतच्या एका नेमबाजाचं नाव घालता येतं. ती जागा अजून कोरी होती आणि एडवीजचा भाऊ त्या जागेसाठी महिनाभर लुसियनला कॉफी पाजत होता.

"बाहेर चला," रेजीने दोन्ही दुर्बिणी उचलल्या.

गाड्या लावायच्या जागेपलीकडे बटाट्यांची जुनी कोठी होती, अर्धी जमिनीत गेलेली. तिच्या दारावर मूसचं एक रुंद शिंग ठोकलेलं होतं. दुर्बीण घ्यायची तर संध्याकाळी इथे उभं राहून त्या शिंगाची टोकं मोजायची, असा इथला रिवाज. सूर्य गेला होता. कोठीमागची झाडी काळी पडत चालली होती.

लुसियनने आधी दुकानाच्या छापाची दुर्बीण लावली. "अकरा." मग दुसरी लावली. "अकरा. बघ, सांगितलं ना? सारख्याच."

रेजीने टोपी काढली आणि परत घातली.

"आण इकडे," एडवीज म्हणाली. पहिलीतून तिने थोडाच वेळ पाहिलं. "शिंग आहे एवढं कळतंय. टोकं एकात एक मिसळलीत." दुसरी लावल्यावर तिचे ओठ हलायला लागले. "नऊ."

"नीट मोज. अकरा आहेत. आपल्या लग्नाआधीपासून अकरा आहेत."

"नऊ आहेत, लुसियन. वरची दोन मोडलीत. मोडलेली जागा पांढरी दिसतेय."

लुसियनने रेजीकडे पाहिलं.

"मार्चमध्ये बर्फ ढकलणारी गाडी लागली," रेजी आपल्या बुटांकडे बघत म्हणाला.

लुसियनने ती महागाची दुर्बीण पुन्हा डोळ्याला लावली. या वेळी बराच वेळ लावून ठेवली.

"शिंग तरी दिसतं का तुला?" एडवीजने हळू विचारलं.

"दार दिसतं," तो म्हणाला. मग म्हणाला, "म्हणजे, तिथे दार आहे हे माहीत आहे."

"परवा तू टपालपेटीला हात केलास. मला वाटलं, गंमत करतोयस."

"डोळ्याचं ऑपरेशन अर्ध्या तासाचं असतं, काका," रेजी म्हणाला.

"सोमवारच्या आत होतं का?"

रेजीने नकारार्थी मान हलवली.

"नर की मादी, ते ओळखावं लागतं," लुसियन म्हणाला. "आणि त्या रानात माणसंही असतात." त्याने दुर्बीण खाली घेतली. "नऊ कोणत्या दुर्बिणीतून दिसली तुला?"

"हिच्यातून."

"मग हीच बसव, रेजी."

आत येऊन रेजीने लुसियनने आणलेली बंदूक रिकामी आहे हे दोनदा पाहिलं आणि दुर्बीण बंदुकीवरच्या कड्यांत सैल ठेवली. ज्याची बंदूक त्याने ती डोळे मिटून खांद्याला लावायची आणि मग डोळे उघडायचे. पूर्ण गोल दिसेपर्यंत दुर्बीण पुढेमागे सरकवायची आणि तिथेच स्क्रू आवळायचे. एकाच्या डोळ्याला बसवलेली दुर्बीण दुसऱ्याला अर्धी काळी दिसते. रेजीने बंदूक लुसियनपुढे धरली.

लुसियनने ती घेतली, एकदा हातात तोलली आणि एडवीजकडे दिली. मग खिशातला परवाना काढून काउंटरवर पसरला. कोरी जागा त्याने बोटाने चाचपून शोधली.

"माझा भाऊ बोंबलेल," ती म्हणाली.

"तो बोंबलला की मूस पळतात. तसाही काय उपयोग त्याचा?"

"मी आजवर कोंबड्यांमागे आलेला कोल्हा तेवढा मारलाय."

"कोल्हा केवढासा! मूस घोड्यापेक्षा मोठा असतो. सोपं आहे."

एडवीजने चष्मा सारखा केला, डोळे मिटले आणि लाकडाला गाल टेकवला. रेजी स्क्रू फिरवायचं हत्यार घेऊन वाट बघत राहिला.

लुसियनने दोन्ही हात तोंडाशी धरले आणि दुकानाच्या मधोमध मादीची हाक घातली. लांब, खोल, शेवटी तुटणारी. गळ निवडत असलेला एक माणूस दचकून दाराकडे वळला.

"आता उघड," लुसियन म्हणाला.