अर्धी गोळी

"आत्या, तो काचेचा डोळा झोपताना काढून ठेवतेस का गं?" मैत्रिणींनी पैज लावली होती, म्हणून शलाकानं विचारूनच टाकलं.

आत्या खो खो हसली. "काढते तर! वाटीत ठेवते. सांग जा तुझ्या भवान्यांना."

"पण बुरशीमुळे डोळा काढावा लागला म्हणतात, ती डोळ्यात शिरतेच कशी?"

आत्याचा आवाज उतरला. "तुझ्या बाबाच्या मेडिकलमधल्या गुडघेदुखीच्या गोळ्यांनी साखर वाढली, अंगातली लढायची ताकद गेली. शिळ्या भाकरीवर चढावी तशी बुरशी नाकातून वर चढली. डॉक्टर खोदून विचारत होते, स्टिरॉइड घेता का म्हणून. मी नाहीच म्हटलं. चिठ्ठीशिवाय दिल्या म्हणून भावाचं दुकान बंद पडलं असतं."

"आणि आता?"

"आता अर्धीच घेते."

शलाकाचं हसू मावळलं. त्या गोळ्या दर रविवारी उड्या मारत आत्याला नेऊन देणारी तीच होती.

जेवताना बाबा हळहळले, "ताईचं नशीबच फुटकं."

शलाकानं ताट सरकवलं. "आई, बाबा, उद्या आत्याच्या तपासणीला मी जाणार, गोळ्यांचं पाकीट घेऊन. दुकानाचं काय व्हायचं ते होवो, तिचा उरलेला डोळा मी जाऊ देणार नाही."