चोवीस तासांचा कॅन

“बाईनं दुखणं पदराआड झाकावं,” वेणी घालताना मावशी सांगायची.

म्हणूनच गेल्या खेपेला हेमांगीने पाहुण्यांसमोर कॅन काढलाच नाही. ल्यूपस या तिच्या आजारात मूत्रपिंडातून किती प्रथिनं झिरपतात, ते चोवीस तासांची सगळी लघवी कॅनमध्ये साठवून मोजतात. तिची दोन वेळची लघवी वाया गेली, ते तिने कुणालाच सांगितलं नाही. प्रथिनं कमी भरली, रिपोर्ट खोटाच चांगला आला, डॉक्टरांनी गोळ्या कमी केल्या आणि महिन्याभरात सुजलेल्या बोटांत जोडवी रुतू लागली.

आज पुन्हा कॅनचा दिवस, आणि सासूबाईंचं हळदीकुंकूही आजच. बैठकीची खोली बायकांनी भरलेली, न्हाणीघर त्यांच्या पलीकडे.

“एवढ्या वेळी राहू दे गं,” सासूबाई कुजबुजल्या. “एकदा सोडल्याने काय होतंय?”

हेमांगीने फ्रिजमधून पांढरा कॅन काढला, पदर खोचला आणि सरळ बायकांमधून निघाली.

“गोमूत्र का गं?” शेजारच्या काकूंनी हात जोडत विचारलं.

“माझंच आहे, काकू. मला ल्यूपस आहे.” मग ती सासूबाईंकडे वळली. “आई, गेल्या वेळी मी लाजून दोनदा सोडून दिलं. तो रिपोर्ट खोटा होता. आज थेंबभरही सोडणार नाही.”