फुटबॉलचे लाडू

यामिनीताई दूध तापत ठेवून विसरल्या. ते उतू जाऊन शेगडी विझली, पण गॅस सुरूच राहिला. सून लीना मुकाट्याने खिडक्या उघडत गेली. तेव्हापासून त्या ओट्याकडे फिरकल्या नव्हत्या. कोलकात्यात वाढलेली नात नूपुर आज हट्टालाच पेटली. “आजी, उद्या माझी मॅच! फुटबॉलसारखे लाडू करू. गॅस लागबे ना, लागतच नाही!” बिस्किटांचा चुरा, खोबऱ्याचा कीस, कंडेन्स्ड मिल्क कालवलं आणि यामिनीताईंचे हात सवयीने वळू लागले. नूपुर लाडवांवर चॉकलेटचे ठिपके देत होती. तेवढ्यात लीना आली. “गॅस पेटवला नाही गं,” यामिनीताई घाईने म्हणाल्या. लीना म्हणाली, “त्या दिवशी मी रागावले नव्हते, आई. तुम्हाला काही झालं असतं तर, या भीतीने वाचाच बसली होती.” यामिनीताईंचा जीव भांड्यात पडला. लीनाने हात धुतले. “जरा सरका, मीही वळते.”