साखरेचं नवीन वाक्य

डॉक्टरीणबाईंचं बोलणं संपतंय न संपतंय तोच साहेबांनी टाळ्या वाजवल्या. एका हातात क्रीमचं बिस्कीट होतं, त्यामुळे आवाज काही धड आला नाही.

फळ्यावर 'गरोदरपणातला ताण' असं मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं. फ्रिज आणि वॉशिंग मशीनच्या तक्रारी फोनवर ऐकून घेणाऱ्या बावीस मुली समोर बसल्या होत्या, आणि त्यांत गरोदर एकच. तिला ऑफिसात सगळे साखर म्हणत. आवाजच तसा होता पोरीचा.

"काही शंका?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

साखरेनं हात वर केला. "मॅडम, फोन जोडायच्या आधी आमच्या कानात 'टुक' वाजतं. ते वाजलं की माझं बाळ दचकतं. समोरचा अजून बोललेलासुद्धा नसतो. हेडसेटमधलं टुक त्याला ऐकू कसं जातं?"

दोघी-तिघी हसल्या. डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत.

"त्याला नाही जात. तुम्हाला जातं. तुमची छाती धडधडते, अंग ताठ होतं, ते त्याच्यापर्यंत पोचतं. कसले फोन घेता तुम्ही?"

"शिव्यांचे," शेजारची बॉबकट मध्येच बोलली. "जेवढे पिसाळलेले असतात तेवढे सगळे हिच्याकडे. हिनं वाक्य म्हटलं की गार पडतात."

"कसलं वाक्य?"

साखरेनंच मान खाली घालून कामावरच्या आवाजात म्हणून दाखवलं, "सर, मला सातवा महिना चालू आहे. कृपया थोडं हळू बोलाल का?"

पहिल्यांदा ते तिच्या तोंडून आपसूक निघालं होतं, रडकुंडीला आल्यावर. पलीकडचा माणूस ओशाळून गप्प झाला होता. ते रेकॉर्डिंग ऐकून साहेब असे काही खूश झाले की दुसऱ्याच दिवशी वाक्य छापून तिच्या टेबलाला चिकटवलं, आणि ऑफिसातले एकूण एक पिसाळलेले फोन तिच्याकडे वळवले. महिना बदलला की साहेब स्वतः येत आणि 'पाचवा' खोडून 'सहावा', 'सहावा' खोडून 'सातवा' करून जात. एवढी काळजी तिच्या नवऱ्यानंही घेतली नसेल! दुसरं काम द्या म्हणून तिनं दोनदा अर्ज केला होता. दोन्ही वेळा साहेब 'बघू' म्हणाले होते.

डॉक्टरीणबाई साहेबांकडे वळल्या. "हिला आजच्या आज फोनवरून काढा. कागदांचं काम द्या. असा रोजचा ताण बाळाच्या मज्जासंस्थेवर परिणाम करू शकतो. करेलच असं नाही, पण कशाला परीक्षा बघायची?"

"अहो, म्हणजे काय! आमच्या घरचीच आहे ती," म्हणत साहेबांनी खिशातून पेन काढलं आणि वहीत लिहून घेतलं. अगदी 'मज्जासंस्था' कशी लिहायची तेही विचारून घेतलं. सुटले एकदाची, असं साखरेला वाटलं. तिनं ओढणीनं डोळे टिपले.

डॉक्टरीणबाईंना लिफ्टपर्यंत सोडून साहेब परत आले तेव्हा ती टेबल आवरत होती. डबा, बाटली, पाठीला लावायची उशी.

"बस, बस. कुठे निघालीस?"

"कागदांच्या टेबलावर. मॅडम म्हणाल्या ना."

"ते बघू गं पुढच्या महिन्यात. आधी हे बघ, काय झकास सुचलंय!" साहेबांनी अंगठ्याचं क्रीम चाटलं आणि त्याच अंगठ्यानं एक नवा कागद टेबलाला दाबून चिकटवला. जुन्याच्या बरोब्बर खाली. कागदावर ओला ठसा उमटला.

साखरेनं वाचलं. 'सर, तुमच्या ओरडण्याचा माझ्या बाळाच्या मज्जासंस्थेवर परिणाम होतोय, असं डॉक्टरांनी सांगितलंय.'

"नुसत्या महिन्याला हल्ली लोक दाद देत नाहीत," साहेब म्हणाले. "यानं बघ कसे गप्प होतात. आणि खोटं काही नाही हो त्यात, डॉक्टरांचंच वाक्य आहे. घे, एक फोन घे माझ्यासमोर."

माणूस मनापासून खूश होता. त्याचीच तर तिला शिसारी आली. तिसऱ्या महिन्यातली मळमळ परवडली, ती निदान लिंबू चोखलं की जायची. सवयीनं तिचे हात हेडसेटकडे गेले. तिनं तो चढवला.

टुक.

आतून जोरात हिसका बसला. मग पलीकडचा बाप्या सुरू झाला. आधी तिची अक्कल काढली, मग तिच्या आईला मध्ये आणलं. साहेब भुवया उडवत कागदावर बोट आपटत होते. वाच, वाच.

साखरेनं हेडसेट काढला आणि साहेबांच्या डोक्यावर नीट बसवला. दोन्ही कान झाकले गेले ना, तेही बघितलं.

"तुम्हीच वाचा, साहेब. तुमच्या पोटात कोणी नाही."

"अगं ए, हे काय... हॅलो? नाही सर, मी... अहो सर, आई कशाला काढताय..."

तिनं उशी काखेत मारली. बॉबकटनं खुर्ची सरकवून वाट दिली. बाकीच्या वीस जणींनी माना वळवून बघितलं.

नोकरी गेल्यातच जमा होती. घरी काय सांगायचं ते वाटेत ठरवू, असं म्हणत ती लिफ्टसमोर उभी राहिली आणि तिनं बटण दाबलं. बऱ्याच दिवसांनी तिला मोकळा श्वास घेता आला होता. लिफ्ट वर आली.

टुक.

पोटात पुन्हा तोच हिसका. तिनं दोन्ही हात पोटावर धरले.

"लिफ्ट आहे रे बाळा," ती म्हणाली. "नुसती लिफ्ट आहे."