निम्म्याची दुप्पट

यंत्राच्या पडद्यावर दुप्पट आकडा उभा होता.

पुरिंगने कार्ड काढलं, झग्याला पुसलं, पुन्हा घातलं. आकडा तोच. मागे रांगेत सालुद चुळबुळत होती.

"काय गं, नवरा आत अडकला की काय? आमच्या पायांना मुंग्या आल्या."

"जास्त आलेत," पुरिंग म्हणाली.

"मग इकडे दे."

रांग हसली. महिन्याच्या तीन तारखेला फिलिपिन्समधल्या या बाताक गावच्या बँकेपुढे हीच मंडळी जमत. सगळी हवाईवाल्यांची. कुणी स्वतः तिकडे अननस तोडून म्हातारपणी परतलेलं, कुणाचा नवरा तिकडे राबलेला. अमेरिकेचं सरकार त्यांची पेन्शन परभारे इथल्या खात्यात टाकी. सालुदला नवऱ्याची पूर्ण पेन्शन मिळे. तो होता तोवर तिलाही बायकोची निम्मीच यायची. आता तो चर्चमागच्या दफनभूमीत होता. पुरिंगला निम्मी येई. तिचा हिलारियो होनोलुलूत होता. त्यावरून गाव तिला अर्ध्या नवऱ्याची म्हणे.

"अदलाबदल करतेस का?" सालुद दर महिन्याला विचारायची.

"नको बाई. माझा अर्धाच बरा."

आज सालुदने विचारलं, तेव्हा पुरिंगने कार्ड पिशवीत टाकलं आणि ती घराकडे वळली.

लग्नानंतर काही वर्षं तीही हवाईत राहिली होती. सासूने अंथरूण धरलं म्हणून हिलारियोने तिला लहानग्या लेकीसह, मारिविकसह, इकडे पाठवलं. "पुढच्या नाताळला मी येतोच," तो म्हणाला. सासू गेली. मारिविकचं लग्न झालं, तिला मुलं झाली. नाताळ येत राहिले. तिकडे त्याच्या घरात आणखी कोण राहतं, हे पुरिंगने कधी विचारलं नाही. फोन तो वर्षाकाठी एखादा करी, आणि त्यातही पावसापाण्याचंच जास्त बोले. पण तीन तारीख चुकत नसे. इकडे तिची निम्मी आली, की तिकडे त्याचीही आली असणार. आज तोही कार्ड घेऊन कुठल्या तरी यंत्रापुढे उभा असेल, चष्मा विसरला असेल, असं तिच्या मनात येई. निदान त्या एका दिवशी दोघं एकाच कामासाठी घराबाहेर पडत. म्हणून ती चांगला झगा घालून जाई.

गेल्या नाताळात मात्र तो वेगळं बोलला होता. "छत नीट करून घे, पुरिंग. या डिसेंबरात मी कायमचा येतोय."

मारिविकने घरी आकडा ऐकला आणि हातातलं वांगं खाली ठेवलं.

"बाबांनी पेन्शन इकडे वळवली. आई, कळत कसं नाही तुला? खातं तुम्हा दोघांच्या नावावर आहे ना?"

इथले सगळे तसंच करत. परतणारा माणूस आधी पेन्शन इकडच्या खात्यात वळवी, मग पेटी बांधायला घेई. तीन घरं पलीकडच्या म्हाताऱ्याचे पैसे असेच अगोदर आले होते, मागून तो आला होता. शेजारणींना पटलं. मारिविकच्या नवऱ्याने तीनचाकी बाहेर काढली आणि छताला लावायचा हिरवा रंग आणला. मारिविकने बापाला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला.

"झोपले असतील. तिकडे आता रात्र," ती म्हणाली, आणि बापाच्या आवडीची भाजी करायला बसली. कारली, वांगी, भेंडी, वर खारवलेल्या माशाचं पाणी. "त्यांना कारलं कडूच लागतं की नाही गं? मला आठवतच नाही."

"कडूच लागतं," पुरिंग म्हणाली. "मिठात पिळून काढलेलं त्याला चालत नाही."

"मग बरोबर केलंय मी."

पुरिंग चुलीशी बसून राहिली. तिने चांगला झगा अजून बदलला नव्हता. मारिविक गुणगुणत होती. बाप येणार म्हणून तिला गुणगुणताना पुरिंगने ती एवढीशी असताना ऐकलं होतं. पुरिंगला ती आणखी थोडा वेळ तशीच हवी होती.

दिवेलागणीला सगळे जेवायला बसले. सालुदलाही बोलावलं होतं.

"वाढा लवकर," ती म्हणाली. "घरी जाऊन माझ्या म्हाताऱ्याचं ताट खिडकीत ठेवायचंय. विसरले तर स्वप्नात येऊन शिव्या घालतो मेला."

"आमचे बाबा आले की आम्हाला समोर बसून घालतील," मारिविक म्हणाली, आणि स्वतःच हसली.

पुरिंगने भाताचं भांडं पुढे ओढलं. पहिला भात एका ताटात घेतला. त्यावर कारल्याच्या फोडी निवडून ठेवल्या. पेल्यात बोटभर उसाची दारू ओतली. ताट आणि पेला घेऊन ती उठली, खिडकीशी गेली आणि दोन्ही तिथे मांडून उभी राहिली.

सालुदने तोंडाकडे नेलेला घास परत ताटात ठेवला.

मारिविक अजून हसतच होती. "अगं आई, बाबा डिसेंबरात येणार. आत्तापासून कुणाला वाढतेस?"

पुरिंगने पेला ताटाच्या उजव्या हाताला सरकवला.

"त्याची पूर्ण आणि माझी निम्मी," ती म्हणाली. "तो येणार असता, तर तिप्पट झाले असते, पोरी."